टेकडीवरून आणलेला पाहुणा

पेग बॉग्स सकाळपासून दारोदार फिरते आहे. एव्हॉन कंपनीची सौंदर्यप्रसाधनं घरोघरी जाऊन विकणं हा तिचा धंदा. वस्तीतल्या सगळ्या बायका तिच्या ओळखीच्या, पण आज कुणालाच काही घ्यायचं नाही. दमून ती गाडीत येऊन बसते, बाजूचा आरसा नीट करायला हात बाहेर काढते, आणि त्या आरशात रस्त्याच्या टोकाची टेकडी येते. टेकडीवर काळा, अर्धवट ढासळलेला वाडा.

टिम बर्टनच्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’मधली ही जागा मला फार मोलाची वाटते. तो वाडा लपलेला नाही. रस्ता संपतो तिथेच तो उभा आहे. अंगणातलं गवत कापताना, गाडी बाहेर काढताना तो सगळ्यांना रोज दिसत असणार. तरी इतक्या वर्षांत कुणी वर गेलेलं नाही. परीकथेत असं चालतं हे खरं, पण खऱ्या वस्त्यांमध्येही असंच चालतं. शेवटी वर जाते ती पेग, आणि तीही कुतूहलापोटी निघालेली नसते. पेटीतला माल खपलेला नसतो, म्हणून ती जाते.

हा चित्रपट डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. बर्टन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याचा ‘बॅटमॅन’ तुफान चालला होता, आणि आता त्याला मनातली गोष्ट करता येणार होती. गोष्टीचं मूळ त्याच्या पोरवयातल्या एका चित्रात आहे: हडकुळा माणूस, पिंजारलेले केस, बोटांच्या जागी लांब पाती. ज्याला हात लावावा तोच कापला जाणार, अशा मुलाचं चित्र. कॅरोलिन थॉम्पसन या लेखिकेने त्यावर पटकथा लिहिली. मी तो पहिल्यांदा पाहिला तो केबलवर, सुरुवात हुकलेली असताना, आणि तेव्हा ती मला निव्वळ प्रेमकथा वाटली. पुढे पुन्हा पुन्हा पाहिला, तसं प्रियकर-प्रेयसीपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांकडे माझं लक्ष जास्त जायला लागलं.

पेग वर जाते तो प्रसंग मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. गंजलेल्या फाटकातून आत शिरल्यावर तिला उजाड अंगण अपेक्षित असतं, आणि समोर येते कातरून आकार दिलेली हिरवीगार बाग. झुडपांचे प्राणी, झुडपांची माणसं, आणि मधोमध एक भला मोठा पंजा, पाचही बोटं पसरलेला. हा पंजा पहिल्या वेळी नजरेतून सुटतो. कुणाच्या बागेत आपण आलो आहोत हे ठाऊक झाल्यावर तो दिसला, की पोटात कालवतं. ज्याला हात नाहीत त्याने वर्षानुवर्षं एकट्याने बसून हात कातरला आहे.

माळ्यावर विझलेल्या शेकोटीत एडवर्डची निजायची जागा. भिंतीवर वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवलेली. त्यातलं एक, जन्मतः डोळे नसलेला मुलगा हातांनी वाचतो, अशा मथळ्याचं. अंधारातून पात्यांचा आवाज येतो, पेग घाबरून मागे सरकते, आणि मग तिला त्याचा चेहरा दिसतो. पांढराफटक, स्वतःच्याच बोटांनी झालेल्या बारीक जखमांनी भरलेला. तिची भीती तिथल्या तिथे ओसरते आणि विचारपूस सुरू होते. काय झालं तुला? तो सांगतो, मी पुरा झालेलो नाही. वडील कुठे आहेत? ते उठलेच नाहीत. हे ऐकल्यावर पेग फार विचार करत नाही. पोर एकटं आहे, उपाशी असेल, गालावर औषध लावायला हवं. ती त्याला गाडीत घालून घरी आणते. डायान वीस्टने ही पेग अशी काही साकारली आहे, की चांगुलपणा म्हणजे भाबडेपणा नव्हे हे पटतं. जगात काय चालतं हे पेगला कळतं. पण समोर जखम दिसली की तिचा हात आधी औषधाकडे जातो.

आणि मग ती वस्ती. फ्लॉरिडात टँपाजवळ लुट्झ नावाच्या गावी ही घरं खरोखरच आहेत. कलादिग्दर्शक बो वेल्चने चार फिके रंग ठरवले आणि ती सगळी घरं त्या रंगांत रंगवून घेतली. खिडक्याही लहान करून टाकल्या. माणसं आतून डोकावतात असं वाटावं, पण बाहेरच्याला आतलं काही दिसू नये, एवढ्या लहान. बर्टन स्वतः कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये अशाच एका वस्तीत वाढला. लहानपणी त्याच्या खोलीला अंगणाकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या होत्या. आईवडिलांनी त्या बुजवल्या आणि उंचावर एक अरुंद फट ठेवली, बाहेर बघायचं तर टेबलावर चढावं लागे, असं त्याने सांगून ठेवलं आहे. मोठेपणी पडद्यावर एक अख्खी वस्ती उभारायची वेळ आली, तेव्हा त्या वस्तीच्याही खिडक्या लहान झाल्या.

अशी वस्ती मी जवळून पाहिली ती न्यू जर्सीत, मावशीकडे राहायला गेले होते तेव्हा. घरं सुरेख, झाडं सुरेख, माणसं बोलायला गोड. मावशीने मागच्या डेकवर चादरी वाळत घातल्या, तर आठवड्याभरात रहिवाशांच्या संघटनेचं नम्र पत्र आलं. एका संध्याकाळी मी चालायला बाहेर पडले. रस्त्याला फुटपाथ नव्हता आणि माझ्याखेरीज कुणीच पायी नव्हतं. एक गाडी हळू झाली, काच खाली आली, आणि आतल्या बाईंनी हसून विचारलं की काही मदत हवी आहे का. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण मी कोण, कुणाकडे आले आहे, हे सांगून होईपर्यंत ती गाडी पुढे गेली नाही. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, काळजीने विचारतात गं.” ते मला पटलं. काळजीच होती ती, फक्त कुणाची, हे मला अजून सांगता येत नाही.

या वस्त्यांचा इतिहास विसरून हा चित्रपट बघता येत नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, जिथे बटाट्याची शेतं होती तिथे, विल्यम लेव्हिटने लेव्हिटटाउन उभारायला घेतलं. पुढच्या काही वर्षांत तिथे सतरा हजारांवर घरं झाली, सगळी एका साच्यातली, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना परवडतील अशी. त्याबरोबर नियम आले. कुंपण घालायचं नाही. गवत आठवड्याला कापायचं. कपडे कुठे नि कधी वाळत घालायचे तेही ठरलेलं. आणि गोऱ्यांशिवाय कुणी तिथे राहायचं नाही, हेही सुरुवातीच्या करारात लिहिलेलं. पेनसिल्व्हेनियात दुसरं लेव्हिटटाउन झालं, तिथे १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलाबाळांसह राहायला आलं. रात्री घरासमोर जमाव जमला, दगड आले, काचा फुटल्या. दिवसा हीच माणसं आपापल्या अंगणात पाणी घालत असणार.

म्हणून चित्रपटाच्या शेवटी फिक्या रंगाच्या घरांतून माणसं बाहेर पडतात आणि टेकडीकडे चालू लागतात, तेव्हा ती मला अतिशयोक्ती वाटत नाही. जेम्स व्हेलच्या १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या मशालवाल्या गर्दीची ती आठवण आहे हे उघड आहे. फरक एवढा, की ते गावकरी त्या जिवाला पहिल्यापासून भीत होते. एडवर्डच्या शेजाऱ्यांनी त्याला आधी डोक्यावर घेतलं आहे.

हा मधला भागच मला सगळ्यात जास्त छळतो. एडवर्ड आल्याची बातमी फोनवरून घरोघर जाते, सगळ्याजणी पेगच्या दारी हजर होतात, आणि बागेत जेवणाचा बेत ठरतो. एडवर्डच्या पात्यांवर मांसाचे तुकडे ओवून भाजले जातात. बायका त्याला आपल्या हाताने घास भरवतात. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते तुझ्यासाठी काहीतरी करू शकतील, असंही त्याला सांगितलं जातं. तो डॉक्टर पुढे कधी येत नाही. एक म्हातारा माजी सैनिक त्याला बाजूला घेऊन आपल्या जखमेबद्दल सांगतो आणि बजावतो, की तुझ्यात काही उणं आहे असं कुणाला म्हणू देऊ नकोस. मला तो म्हातारा फार आवडला होता. शेवटी पोलीस एडवर्डला शोधत असतात, तेव्हा हाच म्हातारा विचारतो, की तो पांगळा सापडला का.

त्या दोन वाक्यांच्या मध्ये म्हाताऱ्याचं मन बदललं असं मला वाटत नाही. बागेतल्या जेवणाच्या दिवशी एडवर्ड सगळ्यांना हवा होता. त्याने झुडपांचे डायनोसॉर केले, मग दारोदारची झुडपं कातरून दिली. कुत्र्यांचे केस कापले. मग एकीने विचारलं, माझे कापशील का? जॉनी डेपचा चेहरा त्या प्रसंगात बघावा. एरवी त्याला ओठ कसे ठेवावेत तेही उमगत नाही. संपूर्ण चित्रपटात तो फार थोडं बोलतो, मूकपटातल्या चॅप्लिनसारखं सगळं डोळ्यांनी आणि खांद्यांनी करतो. केसांत पाती फिरू लागली की मात्र त्याचे डोळे स्थिरावतात. काम येणाऱ्या माणसाचे डोळे. केसांचा धुरळा उडतो, बाई आरशात बघते, आणि वस्तीतल्या प्रत्येकीला तसंच हवं होतं. पैसे कुणी देत नाही. पेगच्या घरी पहिल्या रात्री तो वाटाणे उचलू बघतो, आणि ते पात्यांवरून घरंगळतात. त्याच्या हातांकडून प्रत्येकाला काहीतरी मिळालं. त्या हातांत धरता येईल असा एक चमचा मात्र कुणाला सुचला नाही.

दुकान काढायचं ठरतं, तर बँक कर्ज देत नाही, कारण त्याच्या नावावर कसलीच नोंद नाही. टीव्हीवर मुलाखत होते. तिथे कुणीतरी विचारतं, की तुला साधे हात मिळाले तर तू आमच्यासारखाच होशील ना? त्याला ते आवडेल, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. त्यावर प्रेक्षकांतूनच उत्तर येतं, मग तुझ्यात वेगळं काय राहील? लोक खूश होतात. त्या स्टुडिओत कुणालाही एडवर्ड पुरा व्हायला नको आहे.

पुढचा उतार भराभर येतो. जॉइस नावाची शेजारीण त्याच्या मागे लागते, तो पळतो, आणि त्यानेच अंगावर हात टाकला असं ती सांगत सुटते. पेगच्या मुलीचा, किमचा मित्र जिम त्याला स्वतःच्या वडिलांच्या घरी चोरीसाठी नेतो. गजर वाजतो, दारं बंद होतात, आणि एडवर्ड आत अडकतो. सगळे पळून जातात. नंतर किम त्याला विचारते, ते जिमचं घर आहे हे तुला ठाऊक होतं का? हो. मग केलंस कशाला? तू सांगितलंस म्हणून.

विनोना रायडरने उभी केलेली किम मला म्हणूनच पटते, की ती उशिरा येते. आईला एका क्षणात जे दिसलं ते दिसायला मुलीला अर्धा चित्रपट लागतो. पहिल्या भेटीत ती किंकाळी फोडते, तो दचकतो आणि त्याची पाती गादीत घुसून पाण्याच्या गादीला कारंजी फुटतात. नंतरही बराच काळ ती त्याला टाळते, मित्रांसमोर त्याची लाज बाळगते. तिचं प्रेम दयेतून आलेलं नाही आणि त्याच्या कलेच्या कौतुकातूनही आलेलं नाही. तिने त्याच्याकडून एक चुकीचं काम करून घेतलं, त्याने तक्रार केली नाही, आणि त्या शरमेतून तिची नजर बदलली. नाताळच्या तयारीत तो अंगणात बर्फाची मूर्ती कोरतो, पात्यांखालून बर्फाचा भुगा उडतो, आणि किम त्यात हात पसरून गोल गोल फिरते. डॅनी एल्फमनचं संगीत तिथे मुलांच्या आवाजांत वर चढतं. त्याच प्रसंगात जिमच्या हाकेने तो दचकतो, आणि त्याचं पातं किमच्या हाताला लागतं.

मग ती संध्याकाळ. वस्ती बिथरलेली, पोलीस मागावर. पेग आणि किम सोफ्यावर बसल्या आहेत, आणि पेग लेकीला म्हणते, की त्याला आणताना मी फार विचार केला नव्हता. त्याचं काय होईल, आपलं काय होईल. तो पुन्हा वर गेला तर बरं. तिथे तो सुरक्षित राहील, आणि इथे सगळं पूर्वीसारखं होईल.

जिमची दारू, जॉइसचं खोटं, गर्दीचा आरडाओरडा, यांतल्या कशाहीपेक्षा हे शब्द मला जास्त लागतात. जॉइस खोटं बोलते ते समजून घेता येतं. पण पेग? जिने जखमेवर क्रीम लावायला कुठल्या कुठल्या ट्यूब एकत्र कालवून पाहिल्या, जिने त्याला नवऱ्याचे कपडे दिले, ती आता त्याला पूर्वीच्या जागी ठेवू बघते आहे. तेही त्याच्या काळजीने. मी तिला दोष देत नाही. दार उघडणं एका माणसाला जमतं, पण उघडलेलं दार रोज उघडं ठेवायला आणखी चारजण लागतात, आणि पेगला त्या रस्त्यावर चारजण सापडले नाहीत. मायर्स कुटुंबाच्या बाजूने उभे राहणारे काही शेजारी होते, म्हणून ते त्या घरात टिकले. पेगच्या बाजूने जॉइसचं तोंड बंद करणारी एक शेजारीण असती तरी गोष्ट वेगळी झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

एडवर्ड घरी येतो. किम म्हणते, मला जवळ घे. तो हात पसरतो, पात्यांकडे बघतो, आणि सांगतो की नाही जमत. मग तीच त्याचे हात उचलते, त्या पात्यांच्या आत शिरते आणि डोकं त्याच्या छातीवर टेकते. इथेच बर्टन आपल्याला मागे नेतो. एडवर्डला घडवणारा म्हातारा शास्त्रज्ञ नाताळाची भेट म्हणून खरे हात घेऊन येतो. एडवर्ड पात्यांनी त्या बोटांना हलकेच शिवतो. तेवढ्यात म्हाताऱ्याचा चेहरा पालटतो, तो कोसळतो, हात पडून मोडतात. एडवर्ड त्याचा गाल कुरवाळू जातो आणि गालावर रक्ताची रेघ उमटते.

तो म्हातारा म्हणजे व्हिन्सेंट प्राइस. लहानपणी भयपटांतून प्राइसला बघत बर्टन मोठा झाला. १९८२ मध्ये त्याने ‘व्हिन्सेंट’ नावाचा छोटा ॲनिमेशनपट केला, त्याचं निवेदन प्राइसनेच केलं होतं. ‘एडवर्ड’च्या वेळी तो आजारी होता. १९९३ मध्ये तो गेला. पडद्यावर त्याने आयुष्यभर लोकांना घाबरवलं, आणि इथे तो पोराला टेबलावरचे शिष्टाचार वाचून दाखवतो, कविता वाचतो, आणि हसायला शिकवतो. एडवर्डमध्ये जे काही चांगलं आहे ते याने घातलेलं आहे. हात सोडून सगळं देऊन झालं होतं.

एक गोष्ट मला खूप उशिरा दिसली. फिक्या रंगांच्या त्या वस्तीत एडवर्डला सोडून देणारा पोलीस अधिकारी कृष्णवर्णीय आहे. डिक अँथनी विल्यम्सने ती छोटी भूमिका केली आहे. फाटकाशी एडवर्डला गाठल्यावर तो हवेत गोळ्या झाडतो, म्हणजे मागून येणाऱ्यांना काम झालं असं वाटेल, आणि हलक्या आवाजात त्याला पळून जायला सांगतो. दिग्दर्शकाने ते ठरवून केलं का, ते महत्त्वाचं नाही. गर्दी कशी जमते हे त्या माणसाला ठाऊक आहे, असं त्याच्याकडे बघताना वाटतं.

गर्दी तरीही वर येते. जिम मरतो. किम एक सुटा पात्यांचा हात उंचावून दाखवते, छत कोसळलं, तो गेला, असं सांगते, आणि शेजारी परततात. उरतो तो चित्रपटाचा शेवट, आणि त्याच्याशी माझं भांडण आहे. म्हातारी झालेली किम नातीला ही गोष्ट सांगते आहे. नात विचारते, मग तू पुन्हा कधी गेलीच नाहीस? अजून जाता येईल की. किम म्हणते, आता मी म्हातारी झाले. मी होते तशीच त्याला आठवलेली बरी.

दर वेळी मला वाटतं, तू असं म्हणू नयेस, किम. ज्याचा सगळा चेहरा व्रणांनी भरलेला आहे, त्याच्यापासून तू सुरकुत्या लपवतेस? त्याने वस्तीतल्या प्रत्येक बाईला तिच्या मनाजोगतं रूप दिलं आणि स्वतः कुणाचंही रूप कधी बघितलं नाही. पेगच्या धंद्यातल्या साऱ्या डब्या त्याच्या गालावर फिक्या पडल्या होत्या, हे तर तू डोळ्यांनी पाहिलंस. तो वर बसून बर्फातून तुझी मूर्ती घडवतो, त्याचा भुगा वाऱ्यावर खाली येतो, आणि तू तो खिडकीतून बघतेस. त्याच्या मिठीत जाताना कापलं जायची भीती तुला वाटली नव्हती. म्हातारं दिसायची वाटते.

नातीचा प्रश्न मात्र रोखठोक आहे. ती पलंगावर बसून ऐकते आहे, तिला झोप आलेली नाही, आणि वर कुणीतरी आहे हे तिच्या दृष्टीने ठरून गेलं आहे. ही मुलगी मोठी झाल्यावर टेकडी चढते का, हे चित्रपट सांगत नाही. मी मात्र ती चढते असंच धरून चालते.